पहिली रेघ खालची

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि मी संगीताच्या खोलीत पाय ठेवला, तर माझी पेटी जागेवर नव्हती. शिपायाने ती खेळाच्या सामानाच्या खोलीत नेऊन ठेवली होती, वर कॅरमचे बोर्ड रचून. खोलीतल्या टेबलावर सहा लांबट काळे खोके होते. उघडून बघितले तर आत व्हायोलिनं. कोरी, रोगणाचा वास येणारी.

गोंदियाला फुलचूरकडे असलेल्या या इंग्रजी शाळेत मी वीसेक वर्षं गाणं शिकवतो. राहायला अर्जुनी मोरगावला. सकाळची पॅसेंजर पकडायची, स्टेशनवरून ऑटोने शाळा, दिवसभर प्रार्थना आणि देशभक्तीची गाणी, संध्याकाळी तीच वाट उलटी. या वयात तक्रार करण्यातही दम लागतो, म्हणून मी ती सोडून दिली होती. पण पेटी हलवली ते मला लागलं. विचारायची रीत तरी होती.

प्रिन्सिपल मॅडमनी बोलावून घेतलं. त्या अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत बोलतात, गोंदियात सगळेच बोलतात तसं. "सर, पालकांची डिमांड आहे. अब से म्यूझिक मतलब व्हायोलिन, आणि तेही नोटेशन वाचून. जानेवारीत नागपूरहून परीक्षक येणार. मुलं पहिल्या परीक्षेला बसतील आणि तुम्हीपण बसा. टीचर के पास सर्टिफिकेट तो होना चाहिए ना?"

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.

"तो फिर स्क्रीन लगवा देंगे. नागपूरची क्लास ऑनलाइन." मॅडम हे अगदी गोड आवाजात म्हणाल्या.

म्हणजे जानेवारीपर्यंत मी पास झालो तर खोली माझी, नाहीतर भिंतीवरच्या टीव्हीची. मी हो म्हटलं. चोपन्नाव्या वर्षी माणूस दुसरं काय म्हणणार?

शाळेने एक पुस्तिकाही दिली. कुठल्यातरी मराठी पुस्तिकेच्या झेरॉक्सची झेरॉक्स. अक्षरं वाचता येत होती, चित्रं मात्र काळी ठिक्कर पडलेली. व्हायोलिनच्या गळ्यावर कुठलं बोट कुठे ठेवायचं त्याच्या चित्रात तर नुसता अंधार होता. मोबाइलवर व्हिडीओ आहेत हे मलाही ठाऊक होतं, पण माझा अभ्यासाचा वेळ म्हणजे गाडीतला, आणि सौंदडच्या पुढे जंगल लागलं की नेटवर्क जातं. शिवाय व्हिडीओतली माणसं फार हसतात. दिवसभर पोरं सांभाळून थकलेल्या माणसाला इतकं हसणं सोसत नाही.

मग मांडीवर पुस्तिका ठेवून मी खुणा शिकायला लागलो. पाच आडव्या रेघा आणि त्यांच्यामध्ये चार घरं. सूर म्हणजे काळा ठिपका, कधी रेघेवर बसलेला, कधी घरात. ठिपक्याला दांडी असली की एक मात्रा, ठिपका पोकळ आणि दांडी असली की दोन, पोकळ आणि बिनदांडीचा की चार. उभी रेघ म्हणजे तालाचा विभाग संपला. कुंपणासारखी फुली असली की सूर तीव्र, इंग्रजी बी झुकल्यासारखी खूण असली की कोमल. दोन ठिपके आणि जाड उभी रेघ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. यातलं बरंचसं मला निराळ्या नावाने माहीत होतं. फक्त गप्प बसायचीही खूण असते, हे नवीन होतं. आमच्या गावच्या भजनात कोणी गप्प बसत नाही. गाणारा श्वास घ्यायला थांबला की पेटीवाला ती जागा भरतो, पेटीवाला चुकला की टाळवाले भरतात. इथे मात्र एका वेड्यावाकड्या रेघेत लिहून ठेवलेलं, की एक मात्रा काही करू नका. मला ती खूण फार आवडली. गाडीत तिच्याकडे बघत बसावंसं वाटायचं.

आता मुख्य गोष्ट. पुस्तिकेत लिहिलं होतं, पहिली रेघ ई, दुसरी जी, तिसरी बी, चौथी डी, पाचवी एफ. घरांनाही तशीच नावं. पहिली रेघ वरची की खालची, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. निदान मला तरी दिसलं नाही.

आमचं घराणं धान पिकवणारं. पणजोबांच्या हाताखाली गावचा तलाव बांधला गेला, असं घरात सांगतात. त्या तलावाच्या पाळीखाली आमच्या बांध्या आहेत. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, अडवलेला धानाचा तुकडा. तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडलं की पाणी आधी सगळ्यात वरच्या बांधीत येतं, ती भरली की धुरा फोडून खालच्या बांधीत, मग त्याच्या खालच्या. त्यामुळे आमच्यात पहिली बांधी म्हणजे वरची, तलावाला लागून असलेली. यात विचारण्यासारखं काही नसतं. "तिसऱ्या बांधीत चिखल कर" म्हटलं की लहान पोरगंही वरून मोजतं. मला त्या पानावर पाच धुरे आणि चार बांध्या दिसल्या. मी वरून मोजलं.

माझं मोजणं बरोबर आहे असंच व्हायोलिनही सांगत होतं. पुस्तिका मांडीवर असली की खालची रेघ आपल्या जवळची. व्हायोलिनवर बोट आपल्याकडे आलं की सूर चढतो. खालच्या रेघेवर सूर उंच, वरच्या रेघेवर खाली. सगळं कसं जुळत होतं.

मुलं सहा होती. पाच गोंदियातली, दुकानदारांची आणि नोकरदारांची. सहावी एक मुलगी, सातवीतली, बोदलकसा गावची. आईबाप तिकडे शेती करतात, ही शिकायला फुलचूरला मामाकडे. वर्गात ती फार बोलायची नाही, कारण तिच्या बोलण्याला बाकीची पोरं हसायची. मी फळ्यावर पाच रेघा काढल्या आणि नावं सांगायला लागलो तशी ही एकदम म्हणाली, "सर, ह्या बांध्या होत ना? पाणी वरून येऊन राहिलं."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! त्या शाळेत वीस वर्षांत मला पहिल्यांदा माझ्या गावच्यासारखं बोलणारं कोणी भेटलं. मी म्हटलं, "होय बाई, बांध्याच." आणि त्या दिवसापासून वर्गात आम्ही दोघं रेघांना धुरा आणि घरांना बांधी म्हणायला लागलो. दुकानदारांची पोरंही म्हणायला लागली. तिला पुन्हा कोणी हसलं नाही. पान सगळ्यात आधी तीच वाचायची, बोट ठेवून, वरून खाली.

पुस्तिकेच्या शेवटी सरावाची एक छोटी चाल होती. मी ती पावसाळाभर घासली. घरी रविवारी अंगणात खुर्ची टाकून वाजवायचो. बायको सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत असायची. तिला गाण्यातलं काही कळत नाही असं ती स्वतःच सांगते. एका रविवारी ती म्हणाली, "अवो, हे गाणं कायचं होय? घरी येऊनच नाही राहिलं. निघून जाते अन् तिकडंच राह्यते."

"परदेशी चाली तशाच असतात," मी तोऱ्यात म्हटलं.

"असन बापा," म्हणाली, आणि सूप झटकत आत गेली.

खरं सांगायचं तर माझ्या कानाला ते तिच्या आधी कळलं होतं. ती चाल शेवटच्या सुरावर टेकायला हवी तशी टेकत नव्हती. उंबऱ्यापर्यंत येऊन मागे फिरत होती. तीस वर्षं मी कानावर जगलो, कोणाचा सूर केसभर हलला तरी मान वळायची. पण आता माझ्या कानाला सर्टिफिकेट नव्हतं आणि त्या कागदाला होतं. मी कागदाचं ऐकलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी घालत होतो, रोज जाऊन येऊन. याचा राग मला अजून येतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर रेल्वेतल्या एका साहेबांची बदली होऊन त्यांचा मुलगा आमच्या शाळेत आला. तो आधीच्या गावी वर्षभर व्हायोलिन शिकलेला. पहिल्या दिवशी मी त्याच्यापुढे तीच चाल ठेवली. त्याने खांद्याला व्हायोलिन लावलं आणि वाजवायला सुरुवात केली. चाल वर चढली, एका मात्रेला थांबली, वळली आणि हळूहळू उतरत घरी येऊन बसली. इतकी साधी, इतकी गोड, की वर्गातल्या पोरांच्या माना वर झाल्या. एकाने विचारलं, "सर, ये कौनसा गाना है?"

"वही तो है," नवा मुलगा म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "सर, लाइन नीचे से गिनते हैं ना?"

त्याने हेही दाखवलं, की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला जे मोठं वेटोळं असतं ते उगाच नसतं. त्याची गाठ खालून दुसऱ्या रेघेवर पडते आणि ती रेघ जी, असं ते सांगतं. प्रत्येक ओळीला, प्रत्येक पानावर. मी समजत होतो, आपल्याकडे लग्नपत्रिकेच्या माथ्यावर श्री काढतात तशी ती शुभारंभाची नक्षी असेल. पावसाळाभर ते वेटोळं मला ओरडून सांगत होतं आणि मी त्याला मनातल्या मनात नमस्कार करून पुढे जात होतो.

मी खुर्चीत बसलो. मुलं बघत होती. खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. म्हटलं, "बाळांनो, मी तुम्हाला उलटं शिकवलं. आजपासून पहिली रेघ खालची." आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पोरं हसली, वाईट हसली नाहीत. बोदलकशाची मुलगी तेवढी हसली नाही. तिने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग पाणी कुठून येते, सर?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "इथं पाणी नसते बाई. इथं नुसत्या रेघा."

तिने मान हलवली. माझी मान ज्या पद्धतीने हलते त्याच पद्धतीने, म्हणजे पटलेलं नसताना.

शहरातली पाच पोरं आठवड्याभरात सुधारली. त्यांच्या डोक्यात बांध्या नव्हत्याच, माझ्याकडून उसन्या घेतलेल्या, त्या त्यांनी परत केल्या. मला फार जड गेलं. गाडीत मी पुस्तिका उघडायचो, खालच्या रेघेवर बोट ठेवायचो आणि मनात म्हणायचो, ही पहिली, ही पहिली. जरा डुलकी लागून डोळे उघडले की बोट पुन्हा वर गेलेलं असायचं. त्यातल्या त्यात मधल्या रेघेचा आधार होता. तिसरी रेघ वरून मोजली तरी तिसरी, खालून मोजली तरी तिसरी. तिच्यावरचा बी तेवढा आधीही बरोबर होता. मी तिथून मोजायला लागलो, तिथून वर आणि तिथून खाली, आणि तसं कसंबसं जमलं.

त्या मुलीलाही मी तेच सांगितलं. मधल्या सुट्टीत तिला बसवून घ्यायचो. माहीत असलेल्या चाली ती छान वाजवायला लागली, पण त्या तिला कानाने पाठ व्हायच्या. न पाहिलेलं पान समोर ठेवलं की पहिल्या ठिपक्याला तिची नजर वर जायची. मी "खालून" म्हटलं की दचकून खाली यायची. मला दिसत होतं. पण जानेवारी जवळ आला होता, मलाही परीक्षा द्यायची होती, आणि मी थकलेलो होतो. वाटलं, होईल.

परीक्षक बाई नागपूरहून आल्या. चांगल्या होत्या, आवाज चढवत नव्हत्या. एकेकाला आत बोलवायचं, पाठ केलेल्या दोन चाली वाजवायला लावायच्या, मग एक नवीन पान ठेवायचं. माझी पाळी शेवटी. बाईंनी नवीन पान ठेवलं. मधली रेघ धरली आणि तिच्या आधाराने, भिंत धरून चालावं तसा, शेवटापर्यंत गेलो. मध्ये एक गप्प बसायची खूण आली. तिथे मी खरोखर गप्प बसलो आणि तेवढ्यात श्वास घेतला.

निकाल फेब्रुवारीत आला. मी पास. रेल्वेसाहेबांचा मुलगा आणि शहरातली पाच मुलं पास. बोदलकशाची मुलगी नापास. पाठ केलेल्या चालींना तिला चांगले गुण होते. नवीन पानाला शून्याच्या जवळचे. पुढे बाईंनी शेरा लिहिला होता, सगळे सूर उलट्या दिशेने.

मॅडम खूश होत्या. "सर, बढ़िया! एक बच्चा तो चलता है." माझी नेमणूक पुढच्या वर्षासाठी कायम झाली. खोली माझी राहिली. शिपायाने पेटीही आणून कोपऱ्यात ठेवली, मी न सांगता. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि घरी जाताना गाडीत मला ढसाढसा रडावंसं वाटत होतं. समोर एक बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती, म्हणून रडलो नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी मधल्या सुट्टीत आली. मी म्हटलं, "काऊन बाई, वरून मोजलं का?"

"हो सर."

"मी सांगितलं होतं ना, पहिली खालची म्हणून?"

"तुमी दोन्ही सांगितलं होतं," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. "त्या बाईनं पान ठेवलं अन् मी घाबरली. मले पहिलं सांगितलेलंच आठवलं. तेच जास्त खरं वाटे."

शहरातल्या पाच पोरांनी माझं ऐकलं होतं. हिने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मी पुस्तिकेतली ती शेवटची चाल तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "परीक्षेत वाजवलं तसं वाजव. वरून." मी दुसरं व्हायोलिन उचललं. "तू वरून वाजव, मी खालून वाजवतो."

आम्ही वाजवलं. चांगलं काही लागलं नाही, खोटं कशाला सांगू. ती चढली तेव्हा मी उतरलो, मी चढलो तेव्हा ती उतरली, मध्ये बऱ्याच जागी सूर एकमेकांना घासले. पण ठिपका मधल्या रेघेवर आला की आम्ही दोघं एकाच सुरावर यायचो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा ती चमकली. दुसऱ्यांदा हसली. मग आम्ही दोघंही त्या रेघेची वाट बघत वाजवू लागलो. गप्प बसायच्या खुणेला दोघंही गप्प बसलो, आणि त्या एका मात्रेत मैदानातल्या पोरांचा गलका ऐकू आला.

घंटा झाली. तिने व्हायोलिन पुसलं, खोक्यात नीट ठेवलं, कड्या लावल्या. म्हणाली, "सर, पुढच्या वर्षी मी नाही घेऊन राहिली. मामा म्हणते, गणिताची ट्युशन लाव."

"बरं," मी म्हटलं. थांब म्हणायचा मला हक्क आहे असं वाटलं नाही.

यंदा वर्गात रेल्वेसाहेबांच्या मुलासह पुन्हा सहा जण आहेत. तासाच्या सुरुवातीला मी फळ्यावर पाच रेघा काढतो, मोठं वेटोळं काढतो आणि कोणी काही विचारायच्या आत सांगतो, पहिली रेघ खालची. बांध्यांचं नाव काढत नाही. घरी रविवारी ती चाल वाजवतो, तेव्हा बायको म्हणते, "आता येऊन राहिलं घरी." मी मान हलवतो.

ती मुलगी आठवीत गेली आहे. मधल्या सुट्टीत तिचा वर्ग आमच्या खोलीवरून पाण्याच्या टाकीकडे जातो. परवा मी दारात उभा होतो. ती थांबली, आत फळ्याकडे बघितलं आणि ओठ हलवत रेघा मोजल्या. वरूनच मोजल्या. मग माझ्याकडे बघून तिने बोट मधल्या रेघेवर रोखलं, आणि पाण्याची बाटली घेऊन पुढे गेली.